परतीची वाट मोकळी ठेवणारे व्रत

अहिल्यानगर जिल्ह्याला संन्यासाचे अप्रूप नाही. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीच्या मुलाने १९१३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी जैन दीक्षा घेतली आणि पुढे आचार्य आनंदऋषीजी म्हणून तो देशभर पूजला गेला. साकुरीला उपासनी महाराजांनी व्रतस्थ कन्यांचे स्थान उभे केले. अरणगावच्या माळावर मेहेरबाबांच्या मंडळींनी घरदार विसरून आयुष्ये काढली. या रांगेत कॅथलिक तरुणांच्या पहिल्या व्रतांना मात्र कोणी धरत नाही, आणि धरले तरी नेमके काय घडते आहे याची कल्पना फार थोड्यांना असते. राहुरीजवळच्या केंदळ आणि वळण या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी पाय रोवले. तेव्हापासून राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून मुले व्रतस्थ संघांत जात आली आहेत. येशूसंघ, सालेशियन आणि असे अनेक संघ. प्रत्येकाचा वेश आणि शिस्त निराळी, व्रते मात्र तीच तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. नोव्हिशिएटचा, म्हणजे उमेदवारीचा, काळ संपवून विशीतला मुलगा मिस्सेत वेदीपुढे ती उच्चारतो. घरच्यांच्या लेखी त्या दिवशी मुलगा कायमचा देवाचा झालेला असतो. बाहेरच्यांच्या लेखी तो मिशनऱ्यांच्या हाती लागलेला असतो, नाहीतर नोकरी नाही म्हणून तिकडे वळलेला असतो. या दोन्ही समजुतींत एक साधी गोष्ट निसटते. बहुतेक संघांत पहिली व्रते ही मुदतीची असतात, आणि मुदत संपल्यावर तरुणाला ताठ मानेने घरी परतता येते की नाही, यावरच त्या व्रतांचा खरेपणा ठरतो.

चर्चचा कायदा याबाबतीत सामान्य भाविकापेक्षा कितीतरी सावध आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये घेता येत नाही आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय पहिली व्रते देता येत नाहीत. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचे. त्यानंतरची व्रते तीन ते सहा वर्षांसाठी, आणि फार तर ताणून एकूण नऊ वर्षांपर्यंत. मगच आजन्म व्रतांचा प्रश्न येतो. बळजबरीने, धाकाने किंवा फसवून घेतलेले व्रत मुळातच रद्दबातल. मुदत संपली की ज्याला जायचे आहे त्याने जावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ही तरतूद कोणाच्या उदारपणातून आलेली नाही. ती शतकांच्या ठेचांमधून आली. मध्ययुगीन युरोपात आईबाप लहान मुलांना मठात वाहून टाकत. वारसांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा तो एक सोयीचा मार्ग होता. मार्टिन ल्यूथर स्वतः १५०५ मध्ये मठात गेला आणि १५२१ मध्ये त्याने मठवासी व्रतांविरुद्ध ग्रंथच लिहिला. कॅथलिक चर्चने ल्यूथरचे म्हणणे मानले नाही, पण १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सोळा वर्षांच्या आत व्रत नाही आणि वर्षभराच्या परीक्षेशिवाय व्रत नाही, असा दंडक घातला. एकोणिसाव्या शतकात पोप नववे पायस यांनी पुरुषांच्या संघांत अंतिम व्रतांआधी तीन वर्षांचा टप्पा आणला आणि १९१७ च्या संहितेने मुदतीची व्रते सर्वत्र लागू केली. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षे चर्च एकाच दिशेने सरकत होते: माणसाला विचार बदलायला वेळ द्या.

आपल्याकडचा इतिहास याहून बोलका आहे, आणि तो याच जिल्ह्यात येऊन थांबतो. परंपरा सांगते की आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना आळंदीला परत पाठवले आणि गृहस्थाश्रम पुन्हा स्वीकारायला लावला. ज्याने व्रत दिले त्यानेच ते सोडवले होते. तरीही समाजाने ते मानले नाही. कुटुंब वाळीत पडले, तिन्ही मुलग्यांच्या मुंजी अडल्या, आणि प्रायश्चित्त म्हणून नवरा-बायकोने देह टाकला. त्याच संन्याशाच्या पोराने पुढे नेवाशात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. आपण ज्ञानेश्वरीचा अभिमान बाळगतो आणि ती जिथे सांगितली त्या नेवाशाच्या खांबापुढे माथा टेकतो, पण त्या कथेतला दोष कोणाचा होता हा प्रश्न क्वचितच विचारतो. विठ्ठलपंतांनी घाईने संन्यास घेतला असेल. ती चूक दुरुस्त होण्याजोगी होती, आणि गुरूने ती दुरुस्तही केली होती. दुरुस्त होऊ दिली नाही ती गावाने. परतलेला संन्यासी ही आपल्या मनातली फार जुनी भीती आहे, आणि धर्म बदलला म्हणून ती गेलेली नाही. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून किंवा संघातून घरी आलेल्या ख्रिस्ती तरुणाकडे पाहण्याची नजर अनेकदा त्याच भीतीतून येते. याने काहीतरी केले असणार, याला काढून टाकले असणार, असे बोल लागतात. लग्नाच्या बोलण्यांत ती गोष्ट दबक्या आवाजात निघते. कायद्याने दिलेला मार्ग रीत बंद करते.

येथे येशूसंघाचा अपवाद नोंदवायला हवा, कारण या जिल्ह्यावर त्याच संघाची छाप सर्वांत खोल आहे. येशूसंघात नोव्हिशिएट दोन वर्षांचे असते आणि त्यानंतरची पहिली व्रते मुदतीची नसतात. व्रत घेणाऱ्याच्या बाजूने ती आजन्मच असतात. संघ मात्र पुढची अनेक वर्षे त्याला पारखत राहतो आणि अंतिम व्रतांना फार उशिरा, पौरोहित्याची दीक्षाही होऊन गेल्यावर, बोलावतो. बंधन एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने नंतर, अशी ही विषम रचना आहे. तिच्या समर्थनात बरेच काही सांगता येईल, पण वीस-बावीस वर्षांच्या मुलावर ती जास्त भार टाकते हे नाकारता येणार नाही. संघप्रमुखांकडून मोकळीक मिळण्याची सोय तिथेही आहे, आणि तिचा उपयोग होतोही. म्हणूनच येशूसंघाच्या बाबतीत परतीच्या वाटेचा मुद्दा सैल पडत नाही, उलट अधिक घट्ट होतो. जिथे कागदावर मुदत नाही तिथे माणसांनी, वरिष्ठांनी आणि घरच्यांनी, ती मनात ठेवावी लागते.

यावर पहिला आणि सर्वांत खणखणीत आक्षेप गरिबीचा आहे. या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे त्या शीख आणि बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजही नाहीत. त्या त्यांनाही द्याव्यात अशी रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. अशा घरातल्या मुलाला संघात शिक्षण, इंग्रजी, तीन वेळचे जेवण आणि प्रतिष्ठा मिळते. मग तो देवाच्या हाकेने गेला की परिस्थितीच्या रेट्याने, हे कोण सांगणार? आक्षेप खरा आहे, आणि तो फेटाळून लावण्यात अर्थ नाही. माणसाच्या निर्णयात शुद्ध हेतू एकटा कधीच नसतो. सैन्यात भरती होणाऱ्या पोरांच्या देशप्रेमाला आपण त्यांच्या बापाच्या कोरडवाहू जमिनीमुळे खोटे ठरवत नाही. पण मुद्दा हेतूच्या शुद्धतेचा नाहीच. मिश्र हेतूने आलेल्या मुलाला दोन-पाच वर्षांनी स्वतःचे मन स्पष्ट दिसू लागले, तर त्याला निघता येते का, हा मुद्दा आहे. श्रीमंत घरातला मुलगा निघाला तर बापाच्या दुकानात बसेल. ऊसतोड करणाऱ्या घरातला मुलगा निघाला तर कुठे जाईल? ज्याला जायला जागा नाही त्याचे राहणे हे व्रत ठरत नाही, नाइलाज ठरतो. दारिद्र्याचे व्रत तर इथे विचित्र उलटेपालटे होते: ज्याच्या घरी कधी दोन खोल्या नव्हत्या तो दारिद्र्याची शपथ घेऊन अशा संस्थेत जातो जिथे शाळा, शेती, गाड्या आणि वाचनालय आहे. मालकी त्याची नसते हे खरे; पण ऊब असते, आणि ती सोडण्याची भीतीही असते.

या भीतीला कायद्यानेही खतपाणी घातले आहे. धर्मसंहितेचा ७०२ वा नियम सांगतो की संघ सोडणाऱ्याला त्याने तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागण्याचा हक्क नाही; संघाने मात्र त्याच्याशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे. हक्क नाही, दया आहे. पंधरा वर्षे शाळेत शिकवलेला माणूस निघाला तर त्याच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी नसू शकतो, कारण पगार संघाकडे गेलेला असतो. देशाचा कायदा हे व्रत ओळखत नाही. अनुदानित शाळांत शिकवणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपल्या हाती पगार राहत नाही म्हणून त्यातून आयकर कापू नये असे म्हणत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. पगार ज्याच्या नावे, कर त्याच्या नावे. न्यायालयाचे बरोबरच आहे असे मला वाटते, आणि संघांनी त्यातून वेगळा धडा घ्यायला हवा. कमाई व्यक्तीची आहे असे राज्य म्हणत असेल, तर व्यक्ती निघताना त्या कमाईतला काही भाग तिच्यासोबत जावा अशी व्यवस्था संघांना स्वतःहून करता येईल. पहिल्या व्रतांच्या काळातल्या तरुणाचा प्रश्न पैशापेक्षा शिक्षणाचा असतो. रोमच्या मान्यतेची तत्त्वज्ञानाची किंवा ईशज्ञानाची पदवी कितीही कसदार असली तरी नगरच्या एमआयडीसीत किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीत तिचा उपयोग नाही. मुदतीच्या व्रतांच्या वर्षांत मुलाने सरकारमान्य विद्यापीठाची पदवी घ्यावी, हा नियम सगळीकडे कडक असायला हवा. ती पदवी खिशात असताना जो राहील, त्याच्या राहण्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

ब्रह्मचर्याचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. तो अनैसर्गिक आहे, दाबलेली वासना कुठेतरी फुटतेच, आणि जगभरच्या चर्चमधली बाललैंगिक अत्याचाराची प्रकरणे हा त्याचाच पुरावा, असे म्हटले जाते. फ्रान्समध्ये स्वतंत्र चौकशी आयोगाने २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा की १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि व्रतस्थांनी सुमारे २ लाख १६ हजार मुलांवर अत्याचार केले. या आकड्यापुढे कोणाही कॅथलिकाने आवाज चढवू नये. पण यातून ब्रह्मचर्यच मूळ कारण ठरते हे अनुमान घाईचे आहे. अशी मुले घराघरांत, विवाहित नातेवाइकांच्या हातूनही बळी पडतात, हे आपल्याकडची पोक्सोची प्रकरणे रोज सांगतात. चर्चचा खास गुन्हा होता तो झाकण्याचा, बदली करून टाळण्याचा, आणि माणूस संस्थेत टिकला पाहिजे या हट्टाचा. ज्या संस्थेत निघून जाणे ही नामुष्की मानली जाते, तिथे अयोग्य माणूसही आत राहतो आणि त्याला आत ठेवण्यात सगळ्यांचे हितसंबंध तयार होतात. म्हणून पहिल्या व्रतांचा काळ चाळणीचा मानायचा तर ती चाळणी खरोखर गाळणारी हवी. गुन्हा घडला असेल तर अर्थातच वाट घराकडे नाही, पोलीस ठाण्याकडे जाते. ती बाब इथे मिसळायला नको. मी बोलतो आहे ते त्या बहुसंख्य मुलांबद्दल, ज्यांनी काही वाईट केलेले नसते, फक्त एकटेपण आपल्याला पेलणार नाही हे त्यांना कळलेले असते.

धर्मांतराचा आक्षेप मी थोडक्यात संपवतो, कारण तो या विषयाला जेमतेम चिकटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी होती. ज्या मुलाचा पणजा केंदळला बाप्तिस्मा घेऊन गेला, तो मुलगा आज व्रत घेतो तेव्हा तो कोणाला बाटवत नाही. आपल्या चार पिढ्यांच्या धर्मात एक पाऊल आत जातो. आणि केंदळने मराठीला काय दिले हेही लक्षात ठेवावे: फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये तिथूनच ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. उलट, प्रवेशाच्या बाबतीत चर्चने आपल्याच लोकांवर केलेला अन्याय अधिक बोलण्याजोगा आहे. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने जपानमध्ये येशूसंघीयांसोबत काम केले, पण संघाने त्याला आपल्यात घेतले नाही; तो फ्रान्सिस्कन झाला, १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. देशी माणसाला दारात उभे ठेवण्याची ही सवय दीर्घकाळ टिकली. थॉमस भालेराव हे येशूसंघीय १९८७ मध्ये नव्या नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, अहिल्यानगरचा कारभार त्यांच्याकडे आला, तोवर या भागात परदेशी धर्मगुरूंच्या येण्याला शतक उलटले होते. जातीचा प्रश्न आतही आहे हे भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये स्वतःच्या धोरणपत्रात कबूल केले. म्हणजे दलित ख्रिस्ती मुलाचे व्रत ही जशी समर्पणाची गोष्ट आहे, तशी ती एका बंद दारातून आत जाण्याचीही आहे. आणि म्हणून बाहेर पडणे त्याच्या समाजाला दुप्पट लागते. ते दुःख समजण्यासारखे आहे. पण एका विशीतल्या मुलाने साऱ्या समाजाची प्रतिष्ठा पाठीवर घेऊन आयुष्यभर ब्रह्मचारी राहावे, ही अपेक्षा न्यायाची नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आतून येतो, श्रद्धावंतांकडून. परतीची एवढी सोय करून ठेवली तर व्रत ते कसले? मोडण्याची मुभा धरून केलेला संकल्प हा संकल्पच नव्हे. आणि या म्हणण्यामागे या जिल्ह्याचा पुरावा उभा आहे. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मले, १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची अनेक दशके नगरच्या दुष्काळी भागात घालवली. तेव्हाच्या अहमदनगरचे सोशल सेंटर, पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये उभी राहिलेली वॉटर ही संस्था या साऱ्यांत त्यांचा हात होता. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत डोंगरउतारावरचे चर आणि चराईबंदी यांनी काय बदल घडला ते आता अभ्यासाचा विषय आहे. उतारावरची माती धरायला आणि गावाला चराईबंदीवर एकमत करायला दहा-दहा वर्षे लागतात. तीन वर्षांनी बदली होणारा अधिकारी किंवा निधी संपताच निघणारी संस्था ते करू शकत नाही. जाण्याचा विचार न करणारा माणूसच ते करतो. बाखर २०२१ मध्ये वारले तेव्हा या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्यांना आपले मानले होते, ते या चिकाटीपायी.

म्हणून आजन्म व्रताच्या विरोधात मी नाही. उलट, बाखरांसारखे टिकणे मौल्यवान असेल तर ते कशातून घडते हे पाहावे लागेल. निघता येत नाही म्हणून राहिलेल्या माणसाकडून तशी चिकाटी येत नाही. त्याच्याकडून येते ती कुरबुर, सुस्ती, किंवा अधिकाराची हाव. दरवाजा उघडा असताना जो वर्षानुवर्षे आत राहतो त्याचेच राहणे ताकदीचे असते. प्रोटेस्टंट परंपरेत अशी व्रते सहसा नाहीत, आणि नगरला १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशननेही ती आणली नाहीत. तरी त्याच मिशनमध्ये वावरलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना अखेरच्या वर्षांत मिशनची चाकरी पुरेशी वाटेना. १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. कोणी लादलेले व्रत नव्हते, तरी सर्वस्व देण्याची ओढ होती. ओढ असेल तर ती बंधनाशिवायही वाट शोधते. बंधन तिला पैदा करू शकत नाही. पहिल्या व्रतांची वर्षे ही ओढ आहे की नाही हे पाहण्यासाठी आहेत, तिची नक्कल करायला शिकवण्यासाठी नाहीत.

याचा अर्थ संघांकडून एक आणि समाजाकडून एक अशी दोन कामे निघतात. संघांनी ७०२ व्या नियमातल्या दयेला हिशेबाचे रूप द्यावे: निघणाऱ्यासाठी ठराविक रक्कम, सहा महिने-वर्षभराचे घर, नोकरीसाठी शिफारस, आणि हे सगळे पहिल्या व्रतांच्या आधीच, मुलाला आणि त्याच्या आईबापाला लेखी सांगून. काही वरिष्ठ हे आपणहून करतात. ते त्यांच्या स्वभावावर सोडण्याची गोष्ट नाही. व्रतविधीच्या दिवशी धर्मगुरू प्रवचनात मुलाच्या धैर्याचे कौतुक करतात, त्याच प्रवचनात ही व्रते किती वर्षांची आहेत हेही स्पष्ट सांगावे, म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या मामा-मावश्यांनाही ते कळेल. समाजाचे काम त्याहून अवघड आहे, कारण तिथे नियम नसतो. श्रीरामपूरचे पत्रकार आणि लेखक कामिल पारखे येशूसंघीय होण्यासाठी तरुणपणी गोव्याला गेले, व्रतांपर्यंत पोहोचण्याआधीच तो मार्ग सोडून पत्रकारितेत आले, आणि त्याबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास मराठी वाचकांपर्यंत त्यांच्याइतका सातत्याने फार थोड्यांनी आणला. असे लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे गप्प राहतात, वर्षे लपवतात, बायोडेटात ती पाच वर्षे कशी भरावी या विवंचनेत असतात. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जिल्हाभरातून माणसे लोटतात. धर्मगुरू आणि धर्मभगिनींचा तिथे मान असतो, आणि तो असावाच. त्या गर्दीत संघातून परतलेले पुरुषही बायकामुलांसह मेणबत्ती घेऊन उभे असतात. पुढच्या वर्षी एखाद्या संघाने त्यांनाही नावाने बोलवावे, आणि नोव्हिशिएटच्या उंबरठ्यावरच्या मुलांशी दोन तास बोलायला लावावे.